आधी क्रॉसओव्हर, मग ॲम्प्लिफायर

गाडीत ॲम्प्लिफायर आणि सबवूफर बसवून घेतलेल्या वाचकांची तक्रार बहुतेक एकाच धाटणीची असते. खर्च झाला, आवाज वाढला, दणकाही आला. पण गाण्यातले शब्द कळेनासे झाले, दाराचे पत्रे थरथरायला लागले आणि अर्ध्या तासात कान शिणतात. यावर ठरलेला सल्ला मिळतो : 'आणखी मोठा ॲम्प टाका.' नाशिक रोडहून रोज सिन्नर-माळेगावच्या एमआयडीसीत जाणारे, पुण्याला महिन्यातून चार खेपा करणारे किंवा नाशिकच्या द्वारका चौकातल्या कोंडीत अडकणारे लोक गाडीत बराच वेळ घालवतात. चांगला आवाज ही त्यांच्यासाठी चैन उरलेली नाही. म्हणूनच हा सल्ला तपासून पाहायला हवा. बहुतेक गाड्यांत ताकद पुरेशी असते, तिची वाटणी चुकलेली असते. कोणत्या स्पीकरने कोणते सूर वाजवायचे हे क्रॉसओव्हर ठरवतो. ते ठरल्यावरच ॲम्पचा गेन (म्हणजे काय, ते पुढे येतं) लावायचा असतो. हा क्रम उलटला की कितीही वॅट ओतले तरी शब्द परत येत नाहीत.

दाराच्या स्पीकरला काय झेपतं

तेवढ्याच मोठ्या आवाजात एक सप्तक खाली वाजवायचं, म्हणजे वारंवारिता निम्मी करायची, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट मागेपुढे सरकावं लागतं. ८० हर्ट्झला पडदा एक मिलिमीटर हलत असेल, तर ४० हर्ट्झला चार मिलिमीटर आणि २० हर्ट्झला सोळा मिलिमीटर हलावा लागेल. दारात बसणारा साडेसहा इंची स्पीकर जेमतेम काही मिलिमीटरच हलू शकतो. त्याला खालचे सूर दिले की त्याची सगळी धाव त्यातच संपते. गायकाचा आवाज मात्र त्याच पडद्यावरून यायचा असतो, त्यामुळे तो फाटतो, गढूळ होतो. शब्द कळत नाहीत ते यामुळे. इथे ट्विटर वाढवून काही हाती लागत नाही. खालचा भार उतरवावा लागतो.

आता वॅटचा हिशेब पाहा. ताकद दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि ही वाढ कानाला थोडीशीच जाणवते. आवाज दुप्पट वाटावा म्हणून साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. ५० वॅटच्या जागी १०० वॅटचा ॲम्प घेतल्याने मिळतात हे तीन डेसिबल. उलट, तोच ५० वॅटचा ॲम्प ठेवून दाराच्या स्पीकरवरचा ८० हर्ट्झखालचा भार काढला, तर पडद्याला मोकळीक मिळते आणि स्पीकर न फाटता जास्त मोठ्याने वाजतो. या बदलाला क्रॉसओव्हरचं फक्त एक बटण फिरवावं लागतं.

यावर आक्षेप येतो की दारातून बास काढला तर गाणं पोकळ वाटेल. सबवूफर असेल तर तसं होत नाही, कारण काढलेलं काम तो उचलतो. सबवूफर नसेल तर हा आक्षेप काही अंशी बरोबर आहे, म्हणून अशा गाडीत सूर कापायची रेघ आणखी खाली, ५० ते ६० हर्ट्झवर ओढा. त्याखाली साडेसहा इंची स्पीकर ऐकू येण्याजोगा आवाज देतच नाही, नुसता थरथरतो. तिथे तुम्ही काहीच गमावत नाही.

सुरुवातीचे आकडे

हाय-पास म्हणजे दिलेल्या आकड्याखालचे सूर अडवणारा फिल्टर, लो-पास म्हणजे त्यावरचे अडवणारा. हे आकडे सुरुवातीचे आहेत. इथून पुढे कानाने थोडं वर-खाली करायचं असतं.

- दारातले साडेसहा इंची स्पीकर, सोबत सबवूफर : हाय-पास ८० हर्ट्झ.
- तेच स्पीकर, सबवूफर नसताना : हाय-पास ५० ते ६० हर्ट्झ.
- चार इंची स्पीकर, पुढे असोत वा मागे : हाय-पास १०० ते १२० हर्ट्झ.
- सबवूफर किंवा बासट्यूब : लो-पास ८० हर्ट्झ. पेटीला भोक असेल तर सबसॉनिक फिल्टर उत्पादकाने दिलेल्या ट्यूनिंगच्या आकड्याच्या थोडा खाली.
- कॉम्पोनंट संचाचा ट्विटर : संचासोबत आलेली पॅसिव्ह क्रॉसओव्हरची डबी वापरा. ट्विटरला ॲम्पचं वेगळं चॅनेल देणार असाल तर हाय-पास ३५०० हर्ट्झपासून सुरू करा, आणि तो लावल्याशिवाय आवाज चालू करू नका.

उतार, म्हणजे रेघेपलीकडचे सूर किती झपाट्याने दबतात ते, निवडायची सोय असेल तर दारांना आणि सबवूफरला १२ डेसिबल प्रति सप्तक हा उतार बहुधा पुरतो. ट्विटर वेगळ्या चॅनेलवर असेल तर २४ घ्या, कारण खालचा थोडासा सूरही त्याची कॉइल जाळू शकतो. सबवूफरचा आवाज मागून येतोय असं स्पष्ट जाणवत असेल, तर लो-पास ७० किंवा ६० पर्यंत उतरवून पाहा. खोल बासची दिशा कानाला ओळखता येत नाही. वरचे सूर सबवूफरमधून आले की मात्र ती लगेच कळते.

तीन ठिकाणी बहुतेकांची फसगत होते. पहिली, दुहेरी फिल्टर. स्टिरिओतही ८० हर्ट्झ लावलं आणि ॲम्पवरही ८० लावलं, तर दोन्हींचा उतार एकावर एक चढतो आणि ८० च्या आसपासचे सूर नको तितके दबतात. पखवाज आणि डग्ग्याची घुमक अशी हरवते, आणि मग माणूस बास-बूस्टकडे वळतो. फिल्टर एकाच जागी लावा, दुसरीकडचा 'फुल' किंवा बंद ठेवा. स्टिरिओमधला फिल्टर आकड्यांत लावता येतो, म्हणून शक्य असेल तिथे तोच वापरा. ॲम्पच्या फिरत्या बटणावर छापलेले आकडे ढोबळ असतात. दुसरी, फेज. सबवूफर आणि दारांचे स्पीकर उलटसुलट हलत असतील तर ८० च्या आसपास दोघांचा आवाज एकमेकांना खातो. चालकाच्या सीटवर बसून ८० हर्ट्झचा एकसुरी आवाज लावा, फेज ० वरून १८० वर न्या आणि ज्या स्थितीत आवाज भरदार वाटतो ती ठेवा. फेजचं बटण नसेल तर सबवूफरच्या दोन वायरींची अदलाबदल करूनही हेच साधतं. तिसरी फसगत बास-बूस्टची. १२ डेसिबलचा बूस्ट म्हणजे त्या सुरासाठी ॲम्पकडे जवळपास सोळापट ताकद मागणं. ती त्याच्याकडे नसते. बूस्ट शून्यावर ठेवा.

कानाने पडताळणी करायला डीजेचं रिमिक्स उपयोगाचं नाही, त्यात सगळंच आधी दाबून भरलेलं असतं. पंडित भीमसेन जोशींच्या अभंगांचं ध्वनिमुद्रण लावा. तळाला पखवाज, मध्ये गायकाचा आवाज आणि वर टाळ असे तिन्ही थर त्यात स्वच्छ वेगळे ऐकू येतात. पखवाज डिकीतून आल्यासारखा वाटला तर लो-पास उतरवा किंवा सबवूफरचा गेन कमी करा. गायकाचा आवाज छातीतून न येता नाकातून आल्यासारखा वाटला तर दारांचा हाय-पास फार वर गेलाय. टाळ टोचत असतील तर पॅसिव्ह क्रॉसओव्हरच्या डबीत ट्विटरची पातळी ३ डेसिबलने उतरवायची सोय बहुधा असते, ती वापरा.

गेन म्हणजे व्हॉल्यूम नाही

हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज आहे. स्टिरिओकडून येणारा सिग्नल किती व्होल्टचा झाला की ॲम्पने आपली पूर्ण ताकद द्यायची, एवढंच गेन ठरवतो. गेन पूर्ण फिरवल्याने ॲम्पची ताकद वाढत नाही. तीच ताकद स्टिरिओच्या व्हॉल्यूमच्या पहिल्या एकतृतीयांशातच संपते आणि त्यापुढे लहरींची शिखरं कापली जातात. कापलेली लहर पूर्ण चौकोनी झाली तर तिच्यातून स्पीकरच्या कॉइलला तेवढ्याच शिखराच्या स्वच्छ लहरीपेक्षा दुपटीपर्यंत उष्णता पोहोचते. कमी वॅटच्या ॲम्पवर स्पीकर कसा जळला, याचं कोडं इथे सुटतं. शिवाय गेन वाढवला की स्टिरिओची सरसर आणि इंजिनची घरघरही तेवढीच वाढते.

गेन लावायला एक साधा मल्टिमीटर आणि एकसुरी आवाजाच्या फायली पुरतात :

1. ॲम्पपासून स्पीकर आणि सबवूफरच्या वायरी सोडवा.
2. स्टिरिओवरचे इक्वलायझर, लाउडनेस आणि बास-बूस्ट शून्य करा. ॲम्पचा गेन सर्वांत कमी ठेवा.
3. इंजिन चालू ठेवा, गाडी उघड्यावर असू द्या. स्टिरिओचा व्हॉल्यूम कमालीच्या तीनचतुर्थांशावर आणा, म्हणजे ४० पैकी ३०.
4. दारांच्या चॅनेलसाठी ४०० हर्ट्झचा आणि सबवूफरसाठी ५० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा आवाज लावा. साध्या मल्टिमीटरचं एसी मापन ४०० हर्ट्झच्या वर भरवशाचं नसतं, म्हणून १००० हर्ट्झ टाळा.
5. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलवर लावा आणि ठरलेला आकडा येईपर्यंत गेन हळूहळू वाढवा.
6. आवाज बंद करा, ॲम्प बंद करा, मग वायरी जोडा.

ठरलेला आकडा काढायचा तर आरएमएस वॅट (म्हणजे सतत देता येणारी ताकद) आणि ओहम यांचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ घ्या. ५० वॅट आणि ४ ओहमला १४.१ व्होल्ट, ७५ वॅट आणि ४ ओहमला १७.३, ३०० वॅट आणि २ ओहमला २४.५, ३०० वॅट आणि ४ ओहमला ३४.६. वॅटचा आकडा ॲम्पचा आणि स्पीकरचा, या दोन्हींपैकी लहान असेल तो घ्या.

अनुभवी कारागीर कानाने गेन लावतात, मग मीटर कशाला, असंही विचारलं जातं. चांगला कान फाटलेला आवाज ओळखतो हे खरं, पण दुकानासमोरच्या रस्त्यावर बस-रिक्षांच्या गलक्यात सुरुवातीचं फाटणं कोणालाच ऐकू येत नाही. सबवूफरच्या बाबतीत तर ते आणखी अवघड, कारण फाटल्याने तयार होणारे वरचे सूर दारांच्या आवाजात लपतात. मीटरने कमाल मर्यादा ठरवावी आणि तिच्या आत सबवूफर व दारांचा तोल कानाने साधावा, हीच कामाची विभागणी योग्य. पुणे रस्त्यावर वेग वाढला की टायरचा घोंघाट नेमके खालचे सूर झाकतो. त्यासाठी गेन वाढवून ठेवू नका. चालकाच्या हाताशी बसणारी सबवूफरची रिमोट नॉब घ्या आणि हायवेवर तेवढीच फिरवा.

डब्यावरचे वॅट फ्यूजवरून तपासा

डब्यावर १२०० वॅट छापलेलं असतं, पण तो कमाल आकडा. निर्णयासाठी आरएमएसचाच आकडा धरा. 'सीईए-२००६' असा उल्लेख असेल तर तो आकडा १४.४ व्होल्ट आणि एक टक्क्याच्या आतल्या विकृतीवर मोजलेला असतो. असा उल्लेख नसेल तर ॲम्पच्या अंगावरचा फ्यूज पाहा. ३० अँपिअरचा फ्यूज असेल तर ३० गुणिले १३.८ व्होल्ट, म्हणजे ४१४ वॅट आत जातात. क्लास डी ॲम्पची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर बाहेर ३३० वॅटच्या आसपास येतील. क्लास एबी असेल तर २५० च्या आसपास. आत ४१४ घेऊन कोणतंही यंत्र सतत १२०० बाहेर देऊ शकत नाही. हा हिशेब दुकानात उभ्याउभ्या, मोबाइलवर करता येतो, आणि पैसे देण्याआधी तो जरूर करा.

ओहमचाही हिशेब ठेवा. ४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या तर भार २ ओहम होतो, एकामागे एक जोडल्या तर ८. ॲम्प ब्रिज करून, म्हणजे दोन चॅनेल एकत्र जोडून, वापरणार असाल तर बरेचसे ॲम्प ४ ओहमच्या खाली चालत नाहीत. पुस्तिकेत पाहिल्याशिवाय जोडणी करू देऊ नका. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, बंद गाडीत तर त्याहून वर जातो. अशा वेळी कमी ओहमवर धावणारा ॲम्प तापून मध्येच बंद पडतो आणि लोक त्याला बिघाड समजतात.

वायर, फ्यूज, अर्थिंग

इथली हयगय आगीपर्यंत जाऊ शकते. एकूण ४०० आरएमएस वॅटचे क्लास डी ॲम्प पूर्ण जोरात साधारण ३६ अँपिअर ओढतात. लहान हॅचबॅकमध्ये बॅटरीपासून डिकीपर्यंत यासाठी शुद्ध तांब्याची ८ गेज वायर चालते, त्यापुढे ४ गेज घ्या. स्वस्त किटमध्ये बहुधा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर असते. ती वापरायचीच तर एक माप मोठी.

- मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. तो वायरचं रक्षण करतो, म्हणून त्याचा आकडा वायरच्या क्षमतेपेक्षा मोठा नको. ॲम्पवरचा फ्यूज त्याची जागा घेऊ शकत नाही.
- इंजिनकडून आत येताना वायर पत्र्यावर घासू नये म्हणून रबरी ग्रोमेट हवाच.
- अर्थिंगची वायर मुख्य वायरच्याच मापाची आणि शक्य तितकी आखूड असावी. पत्र्यावरचा रंग खरवडून बोल्टने आवळलेली.
- सिग्नलची आरसीए केबल गाडीच्या एका बाजूने आणि पॉवरची वायर दुसऱ्या बाजूने न्या.
- पुढच्या सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात. ॲम्प तिथे बसवताना त्यांना हात लागता कामा नये. एअरबॅगच्या झाकणावर ट्विटरही बसवू देऊ नका.
- पावसाळ्यात पायांसोबत आलेलं पाणी सीटखालच्या गालिच्यात मुरतं, म्हणून तिथला ॲम्प थोडा उचलून बसवा.

बिल, वॉरंटी, विमा

नव्या गाडीची मूळ वायरिंग कापू देऊ नका. त्या मॉडेलसाठी मिळणारे कपलर वापरा, नाही तर विद्युत भागांच्या वॉरंटीवरून उद्या वाद होऊ शकतो. काढलेला मूळ स्टिरिओ आणि स्पीकर तुमचेच आहेत, ते परत मागा. बिलावर प्रत्येक वस्तूचं मॉडेल, अनुक्रमांक आणि बसवण्याची मजुरी वेगळी लिहून घ्या. बिल नाकारणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. वस्तू सदोष निघाली किंवा काम निकृष्ट झालं तर आधी दुकानदाराला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तरीही निकाल लागला नाही तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि वकील लावणंही सक्तीचं नाही.

विम्याकडे जवळपास कोणाचंच लक्ष नसतं. कंपनीने न बसवलेली विद्युत उपकरणं पॉलिसीत आपोआप येत नाहीत. त्यांची किंमत कळवून आयएमटी-२४ ही जोड घ्यावी लागते. ती नसेल तर चोरी किंवा अपघातात सिस्टीमचा दावा अडतो.

आवाज गाडीबाहेर जातो तेव्हा

गाडी माझी, आवाज आतला, मग कायद्याचा काय संबंध, असं म्हणणाऱ्यांनी खालचे सूर पत्रा-काच ओलांडून सहज बाहेर पडतात हे ध्यानात घ्यावं. ध्वनी प्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. व्यापारी भागाची ६५ आणि ५५. जाहीर झालेल्या शांतता क्षेत्रात, म्हणजे रुग्णालय, शिक्षणसंस्था, न्यायालय यांच्या भोवतीच्या १०० मीटरपर्यंतच्या परिसरात, ती आणखी उतरून ५० आणि ४० होते. नाशिक रोडच्या बिटको रुग्णालयावरून जाताना डिकी दणाणत असेल तर आतल्या रुग्णाला ती ऐकू जाते, एवढं कारण आवाज उतरवायला पुरेसं आहे. तुमच्या कानांचंही पाहा. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल आठ तास चालतात, पण १०० डेसिबल फक्त पंधरा मिनिटं. आणि रुग्णवाहिकेचा सायरन ऐकू न येण्याइतका आवाज कोणत्याही रस्त्यावर धोक्याचा.

गाडी ताब्यात घेण्याआधी कारागिराकडून चार आकडे कागदावर लिहून घ्या : दारांचा हाय-पास, सबवूफरचा लो-पास, प्रत्येक चॅनेलवर मोजलेले व्होल्ट आणि मुख्य फ्यूजचे अँपिअर. जो मोजून देतो त्याला मजुरी थोडी जास्त द्या. हाताशी पैसे उरत असतील तर मोठ्या ॲम्पवर घालू नका, दारांच्या पत्र्यांची थरथर दाबणाऱ्या डॅम्पिंगवर घाला.